मजकूर येथे

टायटलताईचं काम ऐकायला सोपं होतं. सिनेमा सुरू होताना पडद्यावर जी नावं येतात, ती कोणत्या क्रमानं यायची, केवढ्या अक्षरांत यायची आणि किती वेळ थांबायची, हे तिनं ठरवायचं. चित्रपट कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून एकोणीस वर्षं ती हेच करत होती, आणि या एकोणीस वर्षांत तिनं जेवढी भांडणं मिटवली तेवढी एखाद्या कोर्टानंही मिटवली नसतील. एकाचं नाव आधी घेतलं की दुसऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. दुसऱ्याचं आधी घ्यावं तर पहिल्याला लगेच ताप भरे. शेवटी तिनं एक रीत बसवली होती. जो मोठा तो पहिला. जो स्वतःला त्याच्याहून मोठा समजतो तो शेवटी, पण त्याच्या आधी 'आणि' लावायचं. ज्याला यातलं काहीच मिळालं नाही त्याच्या नावाभोवती चौकट काढायची. चौकटीनं माणूस फार खूश होतो, कारण आत तो एकटाच असतो.

एवढं करून प्रत्येकाकडून कच्च्या छापावर, त्याच्या नावाशेजारी, सही घ्यायची. सही झाली की तोंड बंद. मग आभाळ कोसळलं तरी नाव हलत नसे.

देशात लढाई सुरू होऊन चौदा महिने झाले होते. ती का सुरू झाली हे सुरुवातीला सगळ्यांना पाठ होतं, मग थोड्यांना आठवत होतं, आणि आता ज्यांनी सुरू केली त्यांनाही कागद बघून सांगावं लागत होतं. ताईचा धाकटा भाऊ तिकडे होता. त्याला सगळे बारक्या म्हणत, कारण त्याला दारातून आत यायला वाकावं लागे. तो बेकरीत पाव भाजायचा, म्हणून सैन्यानं त्याला स्वयंपाकी म्हणून उचललं. आई-वडील लवकर गेल्यामुळे त्याला वाढवलं होतं ताईनंच. दर आठवड्याला त्याचं पत्र यायचं आणि त्यात बहुतेक भट्टीबद्दल तक्रार असायची. गेले सात आठवडे पत्र नव्हतं.

ताई दर मंगळवारी युद्ध कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. खिडकीतला कारकून वर न बघता म्हणायचा, "चौकशी चालू आहे." जखमी कोण, बेपत्ता कोण, गेले कोण, यांची यादी सरकार छापत नव्हतं. नावं छापली की लोकांचा धीर खचतो, असं युद्धमंत्र्यांचं म्हणणं होतं. न छापल्यानं जो खचत होता त्याची नोंद कुठल्याच खिडकीत नव्हती. जन्मभर नावं लावणाऱ्या बाईला आता एकच नाव हवं होतं, कुठल्याही यादीत, फक्त कुठल्या ते कळायला हवं होतं.

अशात एका बुधवारी थोरल्यांचा निरोप आला. थोरले म्हणजे देशातले सगळ्यांत मोठे नायक. वय सदुसष्ट, पण पडद्यावर अजून कॉलेजात नापास होत होते. निरोप असा होता की देशातले अकरा नामवंत एकत्र येऊन लढाईविरुद्ध जाहीर निवेदन काढणार आहेत, उद्याच्या वर्तमानपत्रात पूर्ण पान, आणि नावं लावायला ताई पाहिजे.

मोठी माणसं विचारतील तर मंत्र्याला उत्तर द्यावंच लागेल, असं तिला वाटलं. तिनं कॉम्प्युटर पिशवीत घातला, फूटपट्टी घेतली आणि निघाली.

थोरल्यांच्या दिवाणखान्यात अकराही जण जमले होते. महाराणी होत्या, म्हणजे बावीस सिनेमांत राणी झालेल्या बाई. त्या आता घरातही पाणी मागताना टाळी वाजवत. राष्ट्रीय संघाचा गोलकीपर होता. देशातले सर्वांत यशस्वी पटकथालेखक सोफ्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. बाकीचे गायक, नर्तकी, विनोदी नट वगैरे मंडळी भिंतीला धरून होती. यांच्या मनात काहीच नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. थोरल्यांचा जुना ड्रायव्हर तिकडे गेला होता तो परत आला नव्हता, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खरंच बसला. पण दुःख किती वेळ पुरणार? दहा मिनिटांत विषय नावांवर आला.

"क्रम वयानं लावा," थोरले म्हणाले.

"मग तुम्ही पहिल्यांदाच खरं वय सांगणार तर," महाराणी म्हणाल्या.

तिथून जे सुरू झालं ते चार तास चाललं. ताईनं पानाच्या मधोमध एक मोठी चौकट आखली होती, त्यात 'मजकूर येथे' असं लिहिलं होतं आणि नावं खाली ठेवली होती. थोरल्यांना खालची जागा पटेना, म्हणून ते वर गेले. ते वर गेले म्हणून महाराणीही वर गेल्या, आणि त्यांची अक्षरं राणीला शोभतील एवढी झाली. गोलकीपर म्हणाला, मला जागेचा मोह नाही, पण मी कायम मध्यभागी उभा असतो. गायकाला 'आणि' हवं होतं. नर्तकीलाही 'आणि' हवं होतं. विनोदी नटाला दोन्हीकडून 'आणि' हवं होतं. दर वेळी ताई मधली चौकट थोडी दाबायची. दुपारी अर्धं पान असलेली चौकट संध्याकाळी दोन बोटं उंच उरली.

"मजकुराचं काय?" ताईनं तीनदा विचारलं.

"तो येईल," तिन्ही वेळा उत्तर आलं. यात कोणाचीही लबाडी नव्हती. या मंडळींच्या धंद्याची रीतच तशी. त्यांच्याकडे आधी नावं ठरतात, मग पोस्टर निघतं, मग गाणी होतात, आणि संवाद चित्रीकरणाच्या सकाळी, दिवे लागल्यावर, कोणीतरी हातात आणून देतं. जन्मात कधी संवाद आला नाही असं झालं नव्हतं. सगळे लेखकाकडे बघत होते, आणि लेखक डोळे मिटून विचार करतायत असं सगळ्यांना वाटत होतं. ते झोपले होते.

सहा वाजता अकराही सह्या झाल्या. मंडळी एकमेकांना मिठ्या मारून, आपण इतिहास घडवला असं म्हणत गाड्यांत बसून गेली. ताईनं पान छापखान्यात पाठवलं आणि लेखकांना फोन लावला.

"कसला मजकूर?" लेखक म्हणाले. "मी तर सही करायला आलो होतो. चौकट छान काढलीस हो माझी." आणि त्यांनी फोन ठेवला. नंतर तो लागलाच नाही. थोरले पोहायला गेले होते. महाराणी कोणालाही भेटत नव्हत्या.

पावणेसातला छापखान्याच्या फोरमनचा फोन आला. सातला पान यंत्रावर चढायचं होतं.

"बाई, मधे 'मजकूर येथे' आहे. तसंच छापू का? का जागा भरायला साबणाची जाहिरात टाकू?"

ताई थोरल्यांच्या रिकाम्या दिवाणखान्यात उभी होती. टेबलावर अकरा सह्यांचा कागद होता. आपण यात एक अक्षर जरी मनानं घातलं तर उद्या एकोणीस वर्षांची नोकरी जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि साबण टाकला तर पुढच्या मंगळवारी आपण परत चार नंबरच्या खिडकीशी असू, हेही दिसत होतं. तिनं फूटपट्टी लावली. एक मथळा आणि तीन ओळी बसत होत्या, त्याही छोट्या.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "वर टाका, युद्धमंत्र्यांस. खाली पहिली ओळ, आमची माणसं कुठे आहेत. दुसरी, कोण कोण आहेत. तिसरी, घरी कधी येणार."

फोरमननं उतरवून घेतलं. "एवढंच?"

"जागाच एवढी आहे."

"माझा मेहुणा तिकडेच आहे, बाई," तो म्हणाला. "मी टाइप जरा मोठा घेतो. पण मग नावं अर्धा नंबर खाली उतरवावी लागतील, म्हणजे जरा बारीक."

एकोणीस वर्षांत ताईनं सही झालेलं नाव केसभरही हलवलं नव्हतं. "उतरवा," ती म्हणाली, आणि फूटपट्टी पिशवीत टाकली.

सकाळी पहिला फोन थोरल्यांचा. त्यांनी नाव पट्टीनं मोजलं होतं आणि ते अर्धा नंबर कमी भरलं होतं. दुसरा फोन महाराणींचा, तोही त्यासाठीच. मधला मजकूर अकरांपैकी एकानंही वाचला नव्हता. वाचायचं काय, स्वतःचं नाव तर पाठच होतं. नऊ वाजता वार्ताहर दारात आले, तेव्हा थोरले गाऊनवर बाहेर आले.

"मंत्र्यांना इतका सरळ सवाल करायचं धाडस तुम्ही कुठून आणलंत?"

"कुठला सवाल?" असं थोरल्यांच्या ओठांवर आलं होतं. पण पन्नास वर्षांची सवय, माहीत नसलेलं वाक्य त्यांनी कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं. त्यांनी दूर क्षितिजाकडे पाहिलं. तिथे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. "ते आतून येतं," ते म्हणाले आणि आत जाऊन वर्तमानपत्र शोधू लागले.

दुपारपर्यंत ते पान दुकानांच्या काचांवर आणि बसथांब्यांवर चिकटलं. चार नंबरच्या खिडकीवर कोणीतरी बरोबर कारकुनाच्या नाकासमोर लावलं. विद्वानांनी मजकूर बालबोध ठरवला. मंत्री मात्र चिडले नाहीत. नटांना ते चांगलं ओळखून होते. त्यांनी अकराही जणांना रविवारी संध्याकाळी टीव्हीवर, सगळ्या देशासमोर, चर्चेला बोलावलं.

ताईलाही जावं लागलं, कारण खुर्च्यांचा क्रम लावायचा होता. तो तिनं लावला आणि अकरा सह्यांचा कागद छातीशी धरून कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. तिला कोणीही अजून एक शब्द विचारला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

मंत्री फार गोड हसले. "हा मजकूर कोणी लिहिला?" त्यांनी विचारलं. "तुम्ही कलावंत माणसं. कोणी तुमच्या नावाचा गैरवापर केला असेल तर मोकळेपणानं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही. त्याचं आम्ही बघून घेऊ."

पळवाट एवढी रुंद होती की त्यातून अकरा जण हातात हात घालून गेले असते. थोरल्यांनी डावीकडे ताईकडे पाहिलं. ताईनं मान खाली घातली. आता ते म्हणणार, आम्ही कोऱ्या कागदावर सह्या केल्या. बोट माझ्याकडे येणार, आणि तीन ओळी गेल्या कचऱ्यात.

पण आम्ही कोऱ्या कागदावर सह्या केल्या, हे वाक्य सगळ्या देशासमोर म्हणायचं कोणी? थोरले उठून उभे राहिले.

"मी लिहिला," ते म्हणाले.

"पहिली ओळ असेल," महाराणी म्हणाल्या. "दुसरी माझी आहे."

"तिसरी मी लिहिली," गोलकीपर म्हणाला. "घरी कधी येणार, हे आमच्याकडे रोजच्या वापरातलं वाक्य आहे."

लेखक ताडकन उठले. दुसऱ्याच्या लिखाणाला स्वतःचं म्हणायचा मान या खोलीत फक्त त्यांचा होता. "तिन्ही ओळी माझ्या आहेत. प्रश्नचिन्हांसकट."

पुढची सात मिनिटं तीन ओळींवर अकरा लेखकांची जुंपली. विनोदी नटानं 'युद्धमंत्र्यांस' हा शब्द आपला असल्याचं सांगितलं, कारण बाकी काही शिल्लक नव्हतं. मंत्री एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. अकरा भित्रे येतील या हिशेबानं ते आले होते, आणि समोर अकरा हुतात्मे बसले होते, तेही आधी कोण यावर भांडत.

"बरं, बरं," मंत्री शेवटी म्हणाले. त्यांचं हसू आता जरा करपलं होतं. "लिहिलंत सगळ्यांनी. मग लेखकहो, कोणती माणसं? कोण कोण म्हणून विचारता, त्यातलं एक नाव सांगा बघू. एकच."

अकरांपैकी एकालाही एक नाव येत नव्हतं. थोरल्यांना ड्रायव्हर आठवत होता, पण पंचवीस वर्षं त्याला ते नुसतं 'अरे' म्हणत आले होते. ती लाज त्यांच्या तोंडावर उतरली, आणि ती अभिनयातली नव्हती. वाक्य विसरलं की कॅमेऱ्याच्या डावीकडे बघायचं, तिथे आठवण करून देणारा उभा असतो, एवढंच त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे ताई होती.

ताईनं भावाचं नाव सांगितलं. बारक्या नाही, कागदोपत्री असलेलं, वडिलांच्या नावासकट. हळू आवाजात, पण स्पष्ट.

थोरल्यांनी ते उचललं. ज्या आवाजानं पन्नास वर्षं राजवाडे हादरवले होते त्या आवाजात एका पाव भाजणाऱ्याचं नाव सगळ्या देशात घुमलं. ताईनं पुढचं सांगितलं, थोरल्यांनी पुढचं म्हटलं. वय एकतीस. स्वयंपाकी, तिसरी तुकडी. शेवटचं पत्र साडेसात आठवड्यांपूर्वी. त्यात लिहिलं होतं, भट्टीचं दार नीट लागत नाही.

"याची चौकशी चालू—" मंत्री म्हणाले, आणि कॅमेरा हलला. कॅमेरामन हसत होता. त्यानंही ती खिडकी पाहिली होती. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्यानं कॅमेऱ्यामागून आपल्या पुतण्याचं नाव सांगितलं. थोरल्यांनी तेही म्हटलं. मग दिवेवाल्यानं वरून दोन नावं सांगितली, ती महाराणींनी घेतली, कारण थोरल्यांची चार झाली असती. मेकअपवाल्या बाई पावडरचा डबा हातात घेऊन आल्या आणि जावयाचं नाव देऊन गेल्या. मग प्रेक्षकांचे फोन सुरू झाले. पाऊण तासाचा कार्यक्रम अडीच तास चालला. अकरा नामवंत आळीपाळीनं नावं वाचत राहिले, आणि त्यांत त्यांचं स्वतःचं एकही नव्हतं, हे बराच वेळ त्यांच्या लक्षातही आलं नाही. मंत्र्यांना उठून जाता येईना. शेवटी घाम पुसत त्यांनी यादी आठ दिवसांत छापायचं कबूल केलं.

ती बाराव्या दिवशी आली. बारीक टाइपात, चौदा पानं, मुळाक्षरांच्या क्रमानं. कोणाला चौकट नव्हती. ताईला भावाचं नाव दुसऱ्याच पानावर मिळालं, जखमींत, पुढे दवाखान्याचा नंबर. तिनं तिथे बोट ठेवलं आणि मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून उरलेली बारा पानंही वाचून काढली. ती वाचणारं कोणीतरी असायला हवं, असं तिला वाटलं.

दवाखाना बसनं सहा तासांवर होता. बारक्याचे पाय खाटेबाहेर आले होते आणि डाव्याला प्लास्टर होतं. तोफखान्यानं नाही, त्याच भट्टीच्या दारानं घात केला होता. ते निखळून पायावर पडलं, आणि ते झेलताना उजवा हात भाजला, म्हणून पत्र नाही.

"शेजारच्याला सांगून लिहायचं," ताई म्हणाली.

"शेजारच्याचे दोन्ही हात गेलेत, ताई."

ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

"ते पान इथे आलं होतं," बारक्या म्हणाला. "मी सगळ्या वॉर्डाला सांगितलं, हे माझ्या बहिणीनं लिहिलंय. कोणाचा विश्वास बसेना. म्हणाले, खाली एवढी मोठी नावं आहेत, तुझी बहीण कुठेय?"

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? कुठे होतास, कोण कोण होतं, घरी कधी येणार. लहानपणापासून दाराशी उभी राहून तू दुसरं काही विचारलंयस का मला? वाचलं आणि माझीच मान खाली गेली. म्हटलं, आता मंत्र्याला कळेल."

ताई हसली. खूप दिवसांनी हसल्यामुळे तिला खोकला आला. "मग? घरी कधी येणार?"

बारक्यानं छताकडे पाहिलं. "पाय जोडला की परत तिकडेच पाठवणार म्हणतात. लढाई संपेपर्यंत."

"आणि ती कधी संपणार?"

"ते कोणी सांगत नाही."

म्हणजे मंत्र्यांनी दोन ओळींची उत्तरं दिली होती आणि तिसरी गिळली होती. ताईनं त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, पायांपर्यंत ते पुरलं नाही, आणि ती उठून बाहेरच्या फोनशी गेली. थोरले स्वतःच फोनवर आले.

"साहेब, दुसरं पान काढायचंय," ती म्हणाली.

नाव कुठे, कितवं, 'आणि' लागणार का, या सगळ्याची उत्तरं ताईनं मनात तयार ठेवली.

"मजकूर काय?" थोरल्यांनी विचारलं.